इंजनबाबाचा ठोका

चुडामण तानकू महाजन हा माणूस देवभोळा होता, असं कोणी सांगितलं तर त्याला खुशाल थापाड्या म्हणा. देवळाच्या पायरीपर्यंत बायको त्यांना ओढत न्यायची आणि आत एकटीच जायची. हे बाहेर चपला राखत बसायचे आणि घंटेचा लोलक वाकडा बसवलाय हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. अशा माणसाच्या नशिबी सत्तरी उलटल्यावर पुजारीपण आलं, आणि तेही साध्यासुध्या देवाचं नाही. घोळ सगळा एका रंगाच्या डब्यानं केला. पण रंगावर येण्याआधी इंजिनावर यावं लागेल, कारण देव तोच.

धरणगावाच्या चौफेर कपाशी, तेव्हा गावाच्या कडेला जिनिंग असणार हे काही सांगायला नको. कपाशीतून सरकी वेगळी काढायची, रुई वेगळी काढायची, हे तिथलं काम. जिनिंगचा मालक म्हणजे शेठ; त्याच्या आजोबांनी ते काढलं तेव्हा गावात वीज नव्हती, म्हणून त्यांनी विलायतेहून तेलावर चालणारं इंजिन मागवलं. ते बोटीनं मुंबईला आलं, मुंबईहून रेल्वेनं धरणगाव स्टेशनात आलं, आणि स्टेशनापासून जिनिंगपर्यंत यायला त्याला सगळ्यात जास्त वेळ लागला. गाड्याला बैल किती जुंपले होते यावर गावातल्या म्हाताऱ्यांची अजून भांडणं होतात, आणि बैलांचा आकडा दरवर्षी वाढतो.

इंजिन म्हणजे माणसाहून उंच असं एक लोखंडी धूड, दोन अंगांना दोन अवाढव्य चाकं आणि माथ्यावर एक लोखंडी टोपी. सुरू करायचं तर आधी त्या टोपीखाली दिवा लावायचा. दिवा म्हणजे समईतली वात नव्हे, स्टोव्हसारखा फरफरणारा. टोपी लालबुंद झाली की आत तेल सोडायचं आणि चाकाला असा हिसका द्यायचा की खांदा जागेवर राहिला तर नशीब. तेल पेट घेई, चाक फिरे, चाकावरचा पट्टा फिरे आणि त्या एका पट्ट्यावर सगळी यंत्रं नाचायला लागत. आधी ते वडिलांनी, म्हणजे तानकूबाबांनी, चालवलं आणि त्यांच्यामागून चुडामण आबांनी. आबा इंजिन कानांनी चालवायचे. घरी ताटावर बसलेले असले आणि दुरून ठोका जरा इकडचा तिकडे ऐकू आला, की घास तसाच ठेवून पळत सुटायचे. वच्छलाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, अशी झाकून ठेवलेली ताटं आयुष्यभर राखली.

पुढे वीज आली, मोटारी आल्या. इंजिन फक्त वीज गेल्यावर चालवायचं ठरलं, म्हणजे तसं ते रोजच चाललं. मग मोठमोठी जिनिंग निघाली आणि शेठचं बंद पडलं. शेठची नातवंडं सुरतेला गेली. पत्रे गेले, विटा गेल्या, जागेचे प्लॉट पडले. इंजिन तेवढं राहिलं, कारण त्याचा पाया त्या जुन्या लोकांनी असा काही भरला होता की जे उपटायला आले ते स्वतःच कंबर धरून परत गेले. आता ते उघड्यावर, एका कडुलिंबाखाली उभं होतं. आबा रोज सकाळी तेलाची कुपी आणि चिंधी घेऊन तिकडे जायचे, आणि वच्छलाबाई रोज दारातून विचारायच्या की सवतीला आंघोळ घालायला निघालात का. आबा हो म्हणायचे.

आता खरी गोष्ट. आबांचे कान चालले होते. मुलगा अभिमन सुरतेहून आला, त्यानं त्यांना आणि वच्छलाबाईंना धुळ्याला देवपुरात कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं डब्यासारख्या खोलीत बसवून तपासलं आणि सांगितलं की उजवा कान गेलाच आहे, डावा वर्षभरात जाईल. कारण विचारलं तर म्हणाला, इंजिन. आबांना याचा फार राग आला. जन्मभर ज्यानं पोसलं त्याच्यावर आळ घेतो हा माणूस, असं ते एस.टी.त बसल्यावरही पुटपुटत राहिले. अभिमननं कानात घालायचं मशीन घेऊन दिलं. ते शिट्टी मारायचं, भांडी वाजवायचं, पण बोललेलं काही नीट सांगायचं नाही. धरणगाव यायच्या आधी आबा वच्छलाबाईंच्या कानाशी लागून म्हणाले, "कान जावोत. पन जावाना पहिले एकदाव इंजन आयकनं शे."

एवढंच मागणं होतं हो त्यांचं. ना घर, ना शेत, ना काशी. एकदा इंजिनाचा ठोका डाव्या कानानं ऐकायचा आणि मग बहिरं व्हायचं.

दुसऱ्या दिवसापासून आबा कामाला लागले. अडकलेला दट्ट्या त्यांनी रॉकेल पाजून पाजून मोकळा केला. चाकं फिरती केली. झिजलेलं होतं ते घासलं, सुटलेलं होतं ते आवळलं. यात पावसाळा गेला आणि नवरात्र आलं.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारं पुजतात. शेतकरी विळा-नांगर पुजतो, शिंपी कात्री पुजतो, ट्रॅक्टरवाला ट्रॅक्टरला हार घालून चाकाखाली लिंबू ठेवतो. देव न मानणारे आबाही इंजिनापुढे दरसाल नारळ फोडायचे, कारण तो देवधर्म नव्हे, तो धंद्याचा रिवाज. यंदा म्हटलं, पूजेआधी रंग द्यावा. लोखंडाला गंज धरू नये म्हणून जो पहिला हात मारतात, तो रंग आणायला ते दुकानात गेले. दुकानदाराकडे नेमका केशरी डबा उरलेला. आबांनी तोच घेतला आणि जुन्या झिजक्या ब्रशनं असा काही थापला, हातावर हात, थरावर थर, की दांडे, नळ्या, नटबोल्ट सगळं त्यात बुजून गेलं. मग झेंडूचा मोठा हार घातला, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, उदबत्ती खोचली आणि ते घरी जेवायला गेले. काय सांगावं, एक माणूस जेवायला गेला आणि गावात एक देव वाढला.

झालं असं की दुपारी गावातल्या लताबाई शेताकडे निघाल्या होत्या. त्यांच्या विहिरीवरची मोटर त्या साली दोनदा जळालेली. वीज यायची ती रात्री, आणि तीही मरतुकडी. कडुलिंबाखाली पाहतात तो शेंदरानं माखलेलं, हार घातलेलं, धूर निघणारं काहीतरी बसलेलं. खान्देशातली कोणतीही बाई अशा वेळी जे करील तेच त्यांनी केलं. चपला काढल्या, पदर घेतला, डोकं टेकलं आणि दिवसा लाइट दे रे बाबा म्हणून साकडं घातलं. त्या शेतात पोचल्या नाहीत तोच मोटर सुरू झाली. भरपूर दाबाची वीज आली आणि दिवेलागणीपर्यंत गेली नाही. कोणाचं बोट कुठल्या बटणावर चुकून पडलं देव जाणे. पण लताबाईंना विचाराल तर देवच जाणतो, आणि तो कडुलिंबाखाली बसतो.

दसऱ्याला सोनं वाटायच्या आधी ही बातमी गावभर वाटून झाली. सकाळी आबा कुपी आणि चिंधी घेऊन गेले तर त्यांच्यापुढे बायकांची रांग. एकीनं त्यांना दरडावलं की नंबर लावा. दिवाळीपर्यंत नाव पडलं, इंजनबाबा. म्हणजे लोकांना ते इंजिन आहे हे ठाऊक नव्हतं असं समजू नका. लहानपणी त्याच्याच चाकावर खेळलेले लोक ते. पण त्यांचं म्हणणं असं की देवळातला दगड हा दगडच आहे हेही लोकांना ठाऊक असतंच की. जळालेल्या मोटरी येऊ लागल्या, चालू न होणाऱ्या मोटरसायकली ढकलत येऊ लागल्या, एक जण तर बिघडलेला मोबाईल हळदकुंकू लावून ठेवून गेला. चाकाजवळच्या पितळी पाटीवर इंग्रजीत काही कोरलेलं होतं. कोणीतरी शिकलेल्यानं वाचून सांगितलं की त्यात घोड्यांचा उल्लेख आहे. झालं, बाबाचं वाहन घोडा ठरलं आणि नवसाचे मातीचे घोडे इंजिनाभोवती जमायला लागले.

समिती स्थापन झाली, तिचा अध्यक्ष प्रेमराज. या प्रेमराजची जागेला लागूनच चहाची टपरी होती, आता तिथे चहा कमी आणि नारळ जास्त दिसायचे. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याच्या हातात माईक दिला की तो परत घेणं अवघड. पुजारी कोण, असा प्रश्न आला तेव्हा त्यानंच आबांचं नाव सुचवलं, कारण बाबाच्या अंगाला इतकी वर्षं हात लावणारा दुसरा माणूस गावात नव्हता. आबा उठून म्हणाले की अरे येड्यांनो, इंजिन आहे ते, त्यावर रंग मीच मारलाय, डबा अजून घरी आहे. लोकांनी भक्तिभावानं माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी समितीची माणसं घरी येऊन रिकामा डबा दर्शनाला घेऊन गेली.

आबांनी पुजारीपण पत्करलं याचं कारण तेल. शनिवारी लोक बाबाला तेल घालायचे, आणि तेही थेंबभर नाही. इंजिनाला त्याच्या आयुष्यात इतकं तेल कधी मिळालं नव्हतं. आबा म्हणत, घाला, पण या भोकात घाला. मग भक्त त्या भोकात घालायचे. गुरुवारी चिंधीनं अंग पुसायची सेवा, एकादशीला चाकं फिरवायची प्रदक्षिणा. आबांनी एकेक करून सगळी देखभाल देवाच्या नावावर लावून दिली, आणि वच्छलाबाई तोंडाला पदर लावून हसायच्या. डिझेलसुद्धा नैवेद्याला यायला लागलं. इंजिन असं झालं की फक्त दिवा लावायचा बाकी होता.

पण तेच जमेना. डावा कान महिन्या महिन्यानं उतरत होता. आधी चिमण्या गेल्या, मग कुकरची शिट्टी गेली, मग फोनवरचा अभिमन गेला. आबा धास्तावले. एका दुपारी, लोक जेवून पडलेले असताना, त्यांनी गुपचूप दिवा पेटवून टोपीखाली धरला. टोपी जराशी तापते न तापते तोच मागून लताबाई धावत आल्या आणि त्यांनी दिव्यावर घागर ओतली. "देवना माथाले चटका देतस का, आबा? तुमले काय भूल पडनी?" असं म्हणून त्या तिथेच रडायला लागल्या. माणूस भांडला असता तर आबांनी ऐकून घेतलं नसतं, पण ही बाई रडत होती. ओला दिवा उचलून ते घरी आले. त्या दिवशी ते जेवले नाहीत, आणि ताट झाकून ठेवावं लागलं ते इंजिनाच्या हाकेमुळे नव्हे, म्हणून वच्छलाबाईंना फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः प्रेमराजच्या टपरीवर गेल्या. देव बोलत नाही, नुसता बसून तेल पितो, अशी कुजबुज आजूबाजूच्या गावांत चालली आहे, असं त्यांनी त्याला सांगितलं. तशी कुजबुज कुठेही नव्हती. पण प्रेमराजच्या हातातला चहा थांबला. मग त्या म्हणाल्या की बाबाला बोलता येतं, पण बोलवायची विद्या एकट्या पुजाऱ्याकडे आहे आणि तो म्हातारा झालाय. दिवेलागणीच्या आत ठराव झाला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, यात्रा भरवायची आणि त्या दिवशी बाबा बोलणार. माथ्याला देतात तो चटका नव्हे, ती आरती, असंही त्याच ठरावात घातलं. लताबाईंनीच सूचना मांडली.

आता एक अडचण उरली. तेलाची फवारणी करणारा नोझल तुंबला होता, तो हसीबकडे न्यावा लागणार होता. हसीबचं स्टँडजवळ डिझेल पंप आणि नोझल दुरुस्तीचं दुकान, हात अगदी साफ. आबा एकटे असते तर खिशात घालून गेले असते. पण समिती म्हणाली, बाबाचा अवयव खिशातून? मग पालखी निघाली. पालखीत मखमलीवर बोटाएवढा नोझल, पुढे टाळ, मागे बायका. हसीब दुकानात पान्यानं काहीतरी ठोकत बसला होता, त्यानं मान वर केली तर दारात शेकडो माणसं हात जोडून उभी. बिचाऱ्याला स्वतःच्याच दुकानात चपला काढाव्या लागल्या. त्यानं नोझल डिझेलमध्ये धुतला, पंपाला लावून फवारा मारून पाहिला, त्या फवाऱ्याखाली पुढच्या रांगेतल्यांनी तीर्थ म्हणून हात धरले. आबांच्या कानाशी तोंड नेऊन हसीबनं विचारलं की आबा, हे सगळं कशासाठी? आबांनी खरं ते सांगितलं. हसीबनं मग नोझल पुन्हा उघडला आणि पुन्हा एकदा साफ केला.

आबांनी प्रेमराजकडून एकच कबूल करून घेतलं होतं. इंजिन सुरू झालं की कोणी वाजवायचं नाही, गायचं नाही, बोलायचं नाही. माणूस गेल्यावर सभेत उभं राहून पाळतात तशी शांतता पाहिजे, आणि ती इंजिन बंद होईपर्यंत पाहिजे. कान आता इतका बारीक झाला होता की शांत जागेत, तोंड जवळ आणलं तरच काही पोचायचं. प्रेमराजनं गळ्याला चिमटा काढून शपथ घेतली. वाजंत्री फक्त मिरवणुकीपुरती, असं तो म्हणाला.

आखाजीच्या सकाळी जागेवर मुंगीला वाट नव्हती. झाडांना झोके बांधलेले, माहेरी आलेल्या पोरीबाळी, दालबट्टीची चूल, पाळणे, आणि दोन गावांचे दोन बॅंड, कारण प्रेमराजला एकाला नाही म्हणवलं नव्हतं. वच्छलाबाईंनी आबांना धुतलेलं धोतर नेसवलं. आबांनी कानातलं मशीन नीट बसवलं, दिवा पेटवला आणि टोपीखाली धरला. लोकांनी आरती म्हटली. टोपी लाल झाली. प्रेमराजनं माईकवरून शांतता मागितली आणि, खरं सांगतो, ती मिळाली. पाळणेवाल्यानंसुद्धा पाळणा थांबवला. वर बसलेले तिथेच हवेत राहिले.

आबांनी तेल सोडलं आणि चाक हिसकलं. काही नाही. पुन्हा हिसकलं. इंजिन खोकलं आणि गप्प बसलं. आबांचं धोतर घामानं भिजलं. आणि मग त्यांना आठवण झाली की आपण काहीतरी विसरतोय. या इंजिनाला शिव्या दिल्याशिवाय ते आजवर कधी उठलेलं नव्हतं. तानकूबाबा द्यायचे, आबा द्यायचे, रोज सकाळी कामाची सुरुवातच तशी. आज समोर एवढा देवधर्म मांडलेला पाहून तोंडाला कुलूप बसलं होतं. आबांनी डोळे मिटले, चाकाला खांदा लावला आणि पोटातून ओरडले, "ऊठ रे मुर्दाडा, फुकटनं तेल पिईपिईसन माजी गया तू!" आणि त्याला जोडून आणखी चार, ज्या इथे लिहिता येण्याजोग्या नाहीत.

मग प्रेमराजनं प्रसंगावधान राखलं आणि तोच मंत्र माईकवरून शब्दशः म्हटला. मागून सगळ्या यात्रेनं म्हटला, लेकीबाळींसकट. लताबाई तर टाळ्या वाजवून म्हणत होत्या. आबांनी चाक हिसकलं, आणि या वेळी इंजिन उठलं. चाकं फिरली. नळीतून काळा धूर निघून कडुलिंबात शिरला आणि सगळी जमीन हलायला लागली.

आता शांतता पाहिजे होती. पण दोन्ही बॅंडवाल्यांनी आपापल्या पुढाऱ्याकडे पाहिलं, आणि एकाच्या ताशावर काठी पडली. मग दुसऱ्याच्या ताशावर पडलीच पाहिजे. ढोल सुरू झाले, शंख वाजले, घंटा वाजल्या, फटाक्यांची माळ लागली, आणि प्रेमराज माईकमध्ये तोंड घालून जयजयकार करू लागला. तो शपथ विसरला नव्हता. तो फक्त सुखानं वेडा झाला होता. आबांच्या कानातलं मशीन कर्कश केकाटायला लागलं. त्यांनी ते उपटून फेकलं, इंजिनाला कान लावायला गेले, पण आत नुसता गोंगाट, सगळा एकच. ते वळून दोन्ही हात वर करून ओरडले, "थांबा रे! बंद करा!" डोळ्यांतून पाणी वाहत होतं, अंग थरथरत होतं. हे पाहून लोकांची खात्रीच पटली की पुजाऱ्याच्या अंगात आलं. बॅंडवाल्यांनी आणखी जोर लावला. बायका आबांच्या पाया पडायला धावल्या. ते जितके थांबा म्हणाले तितकं जास्त वाजलं.

ओरडत नव्हत्या त्या फक्त वच्छलाबाई. त्या इंजिनाच्या अगदी जवळ उभ्या होत्या, मान खाली घालून, कान देऊन.

मग नैवेद्याचं डिझेल संपलं. इंजिन दम टाकत थांबलं. ते थांबलं तेव्हाच वाजंत्री थांबली, कारण त्यांना वाटलं बाबाचं बोलून झालं. लोक कृतार्थ होऊन दालबट्टीच्या पंगतीला गेले. डिझेल पुन्हा घालता आलं असतं, पण वाजंत्रीही पुन्हा आली असती. आबांना हे कळत होतं. ते गरम चाकाजवळ खाली बसले, मातीच्या घोड्यांमध्ये.

वच्छलाबाई ताट घेऊन आल्या. ताट त्यांनी बाजूला ठेवलं आणि त्याही जमिनीवर बसल्या. आबांनी त्यांच्याकडे पाहून विचारलं, "तू आयकं का?"

त्यांनी हो म्हणून मान हलवली. मग त्यांनी आपल्या दोन्ही हातांची ओंजळ आबांच्या डाव्या कानाभोवती धरली, तोंड आत घातलं आणि सुरू केलं. डुग. डुग. डुग. फुस्. डुग. डुग. फुस्. सत्तरीची बाई, नवी नऊवारी नेसलेली, नवऱ्याच्या कानात इंजिन चालवत होती. पंगतीतले दोघं-चौघं वळून बघायला लागले. प्रेमराज वाढता वाढता थांबला. त्या थांबल्या नाहीत. ताटं झाकून ठेवता ठेवता त्यांनी हा आवाज इतकी वर्षं ऐकला होता, की तो त्यांना जमतोय याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं नाही.

आबांचे डोळे मिटलेले होते. चेहरा हळूहळू तसा झाला, जसा तो जेवता जेवता दुरून ठोका ऐकताना व्हायचा. त्यांनी हात वर करून वच्छलाबाईंना थांबवलं. "फुस् लवकर येस," ते म्हणाले. कोणतंही यंत्र न ओढता इंजिन रिकामं चालतं तेव्हा वेग आवरायला त्यातला गव्हर्नर मधूनच एक ठोका गाळतो, तो हा फुस्. तो यायलाच पाहिजे, पण इतक्या लागोपाठ नाही. "गव्हर्नरनी स्प्रिंग ढिली शे," आबा म्हणाले.

ते गुडघ्यावर हात देऊन उठले. कनवटीचा पाना काढला, केशरी थर खरवडून काढून नट शोधला, आणि थंड होत चाललेल्या इंजिनाची स्प्रिंग सावकाश आवळली. बोटानं दाबून पाहिली. मग परत येऊन बसले आणि डावा कान पुढे केला.

"आते कर," ते म्हणाले.

वच्छलाबाईंनी पुन्हा ओंजळ धरली. डुग. डुग. डुग. डुग. डुग. ठोका संथ चालला होता, आणि त्या मोजत नव्हत्या, आबाच मान हलवत होते. बऱ्याच वेळानं, जिथं यायला पाहिजे तिथंच, एक फुस् आला.